सावंतांचा सोफा आणि माझं निरीक्षण

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. हा किस्सा मी ज्यांना ज्यांना सांगितला, त्या प्रत्येकानं शेवटी एकच प्रश्न विचारला, "पण पल्लवी, तू एकदा विचारलं का नाहीस?" आणि त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. त्यामुळे तुम्ही तरी तो विचारू नका. चहा घ्या आणि ऐका.

मी वाशीमची. नोकरी मुंबईत, आणि नोकरी काय, तर लोकांना प्रश्न विचारायचे. भांड्यांना कुठला साबण वापरता, तोच का वापरता, मागच्या महिन्यात बदलला का, बदलला तर घरात कोणाच्या सांगण्यावरून. दिवसभर हेच. आता जी बाई दिवसभर परक्या माणसांना साबणावरून छळते, तिला संध्याकाळी घरी आल्यावर शेजाऱ्याला एक साधा प्रश्न विचारता येऊ नये? पण माझं म्हणणं असं, की प्रश्न विचारतात ते पोटासाठी. स्वतःच्या आयुष्यात मी विचारत नाही, मी निरीक्षण करते. चार गोष्टी बघायच्या, त्या जुळवायच्या आणि निष्कर्ष काढायचा. याचा मला भयंकर अभिमान होता.

वर्षभर घाटकोपरला चार मुलींबरोबर पीजीत काढल्यावर मी मुलुंड पूर्वेला स्वतःचं भाड्याचं घर घेतलं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथा मजला. एक हॉल, त्याला चिकटून स्वयंपाकघर, आणि एक बाल्कनी. बाल्कनीत एक माणूस उभा राहू शकतो, पण मग कपडे वाळत घालता येत नाहीत. डिपॉझिट भरून झाल्यावर सामान म्हणून माझ्याकडे उरली एक गादी, एक बादली, इंडक्शनची शेगडी, चार भांडी आणि ऑफिसच्या मंडळींनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ लावायला भिंती भरपूर होत्या. बाकी काही नव्हतं.

तरी मला ते घर एवढं आवडलं होतं म्हणून सांगू. पहिल्या संध्याकाळी मी गादीवर बसून नुसती छताकडे बघत होते, आणि कोणी "काय बघतेस" असं विचारणारं नव्हतं.

आता बाबांची ओळख करून देते. आमचे बाबा शाळेचे हेडमास्तर. रिटायर झाले, पण तपासणी अजून चालू आहे. मी एकटी राहणार म्हटल्यावर त्यांनी फोनवर शांतपणे निकाल ऐकवला.

"महालक्ष्म्या झाल्या का येतो. घर पाहतो. माणूस राहते असं वाटलं, तर राहा. नाही तर सामान उचल अन् चाल आत्याकडे."

महालक्ष्म्या म्हणजे इकडच्या गौरी, आणि आत्या म्हणजे माझी डोंबिवलीची शोभाआत्या. स्वभावानं प्रेमळ आहे, खोटं नाही बोलणार. पण तिच्या घरी संध्याकाळी सात वाजता तुमची चप्पल दाराशी दिसली नाही, तर सात वाजून एक मिनिटानं फोन येतो. मी सव्वीस वर्षांची. मला ते घर हवं होतं, हे छत, ही बाल्कनी, हे कोणी न विचारणं. आणि ते माझ्याकडे राहणार की जाणार, हे आता एका तपासणीवर अवलंबून होतं. हातात तीन आठवडे होते आणि घरात बसायला एक पाट नव्हता.

अशात एका शनिवारी समोरच्या सावंत काकू डोकावल्या. सावंत मंडळी मूळची वेंगुर्ल्याची, पण काका काकू मुलुंडला तीसेक वर्षं. काकू एरवी मुंबईचं मराठी बोलतात, भावना अनावर झाल्या की मालवणीत जातात. दारात उभं राहून त्यांनी माझा हॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"किती मोकळं आहे गं तुझं घर," त्या म्हणाल्या. असं कौतुकानं, की मला वाटलं मी मुद्दामच मोकळं ठेवलंय. "आमचा सोफा इकडे टाकू काय? आता गणपतीची तयारी. आमच्याकडे त्याला जागा नाही."

"माझ्याकडे?"

"मग कोणाकडे? तळमजल्यावर नेऊ?"

"अहो, पण तुम्ही कशावर बसणार?"

"आम्ही बसू खाली. आम्हाला काय करायचाय सोफा?"

अर्ध्या तासात सोफा माझ्या हॉलमध्ये. तीन माणसं बसतील असा, तपकिरी रेग्झिनचा, एका कोपऱ्यात फाटलेला. मला गहिवरून आलं. ओळख जेमतेम दहा दिवसांची, आणि या माणसांनी घरातला सोफा उचलून दिला.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे परब आजोबा आले. गिरणीत आयुष्य काढलेला माणूस, ऐंशीला टेकलेला, पण आवाज अजून मागांच्या खडखडाटावर मात करणारा. त्यांच्यामागून त्यांचा मुलगा आरामखुर्ची घेऊन जिना चढत होता. लाकडी, वेताची बैठक, लांब हातांची. "ही तुझ्याकडेच बरी," आजोबा म्हणाले. "आमच्याकडे आता पाहुणे येणार, मोडून टाकतील."

दोन दिवसांत दोन वस्तू. आता माझ्यातली निरीक्षक जागी झाली.

हे बघा, यात माझी थोडी बाजू तुम्ही समजून घ्या. आमच्या वाशीमच्या घरात समोरच तीन खोल्या आहेत. गणपती कोपऱ्यात चौरंगावर बसतो, महालक्ष्म्या आतल्या खोलीत उभ्या राहतात, आणि कोणी साधी खुर्चीसुद्धा हलवत नाही. त्यामुळे मी विचार केला. गणपतीच्या आधी. प्रत्येक जण. जुनं फर्निचर. इमारतीत नव्यानं आलेल्या माणसाला. लागली ना संगती? ही कोकणातल्या लोकांची पद्धत असणार. बाप्पा येण्याआधी घर हलकं करायचं आणि गरजूला द्यायचं. मला तर हा एवढा सुंदर रिवाज वाटला, की दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात डब्याच्या वेळी सगळ्यांना समजावून सांगितला. आमची एक गिरगावातली सहकारी म्हणाली, "असं काही मी ऐकलं नाही हं." मी म्हटलं, उपनगरात असेल.

बाबांनाही फोनवर सांगितलं.

"कोण बोललं तुले असं?" बाबांनी विचारलं.

"कोणी बोललं नाही. मी निरीक्षण केलं."

"त्याईले विचारलं का?"

"बाबा, दानाबद्दल विचारायचं नसतं. समोरच्याला संकोच होतो."

बाबा नुसतं "हं" म्हणाले. हेडमास्तर "हं" म्हणाले की समजावं, वहीवर लाल शाईनं काहीतरी लिहिणं चाललंय.

तिसऱ्या दिवशी काकू पुन्हा आल्या, या वेळी एक मोठा पत्र्याचा डबा घेऊन. "हा पण तुझ्याकडे असू दे. आमच्या घरात आता चालायचा नाही."

डबा उघडला आणि मी थेट बाल्कनीत जाऊन उभी राहिले. आम्ही घरचे शाकाहारी. आत वाळक्या काटक्यांसारखं काहीतरी गच्च भरलेलं होतं आणि त्याचा वास मला त्या दिवशी ऑफिसपर्यंत सोडायला आला. सुके बोंबील, हे मला नंतर कळलं. पण निष्कर्ष मात्र तेव्हाच निघाला. आमच्या घरात आता चालायचा नाही, याचा अर्थ काय? सावंतांनी मासे सोडले.

जिन्यात परब आजोबा भेटले, त्यांना मी आदरानं म्हटलं, "सावंतांनी मासे सोडले ते फार मोठं काम केलं."

आजोबांनी जिन्याचा कठडा धरला. "सावंतान? मासे?" मग हळू आवाजात, "तब्येत बरी आहे ना त्याची?"

त्या संध्याकाळपासून अर्धी इमारत सावंत काकांना वाटेत थांबवून डॉक्टर काय म्हणतात ते विचारू लागली. काकांना काही कळेना. ते बिचारे दोन दिवस आरशात जीभ काढून बघत होते, असं काकूंनी मला पुढे सांगितलं.

त्या डब्याचं करायचं काय, हा माझ्यापुढे प्रश्न होता. कोणी एवढ्या विश्वासानं दिलेलं टाकून कसं द्यायचं? आमच्या इमारतीच्या मागे मांजरांचा एक मोठा परिवार राहतो. मी तीन सकाळी, थोडं थोडं करून, सगळा डबा त्यांना वाढला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सोसायटीतलीही मांजरं आली होती. एवढं प्रेम मला मुंबईत दुसऱ्या कोणी दिलेलं नाही.

मग मी सोफ्याकडे वळले. तो फाटका कोपरा बाबांच्या नजरेतून सुटणार नव्हता. खालून सोफा दुरुस्तीवाला ओरडत चालला होता, त्याला वर बोलावलं. त्यानं दोन दिवस हॉलमध्ये बसून जुनं रेग्झिन सोलून काढलं आणि मी निवडलेलं कापड चढवलं. हळदीसारखा पिवळा रंग, त्यावर पांढरी मोठी फुलं. काय झकास दिसायला लागला म्हणून सांगू. सोफा असा उजळला की आरामखुर्ची त्याच्याशेजारी अडगळ वाटायला लागली. शिवाय दोन्ही ठेवून चालायला वाटच उरेना.

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली पांडेजी इस्त्री करतात. पाठ दुखते म्हणतात, आणि दिवसभर उभे. मला वाटलं, आपल्याला मिळालेलं आपण पुढे दिलं तर बाप्पाला आवडेलच. पद्धतीतलं हे पोटकलम मी स्वतःच शोधून काढलं होतं. पांडेजींनी इस्त्री बाजूला ठेवून खुर्चीवरून हात फिरवला. "बिटिया, ये मेरे लिये?" म्हणाले. मी म्हटलं, रखिये. ते इस्त्रीच्या मधल्या वेळेत तिच्यात असे काही पाय पसरून बसू लागले की मला रोज ऑफिसला जाताना पुण्य लागल्यासारखं वाटायचं.

दोन दिवसांनी परब आजोबा मला म्हणाले, "गंमत बघ, त्या पांडेकडे हुबेहूब माझ्यासारखी खुर्ची आहे."

मी काय केलं असेल? मला वाटलं, बघा हा मोठेपणा. दिलेली वस्तू ओळखूनसुद्धा ओळख दाखवत नाहीत. मी त्यांच्याकडे बघून समजूतदारपणे हसले आणि एक डोळा मिचकावला. आजोबा जरा दचकले.

गणपती बसले. सावंतांच्या हॉलमध्ये हे मोठं मखर, खाली सगळीकडे सतरंज्या, विरारची आणि कांदिवलीची मंडळी मांडीला मांडी लावून बसलेली, झांजांचा नुसता कल्लोळ. मी रोज आरतीला जात होते. त्या रिकाम्या हॉलमध्ये सतरंजीवर बसताना माझा जीव तुटायचा. एकुलता एक सोफा यांनी मला दिला आणि पाहुण्यांना जमिनीवर बसवतायत. आता तुम्हीच सांगा, याहून स्पष्ट अजून काय हवं होतं? मखर जिथे होतं, तिथे भिंतीवर सोफ्याच्या पाठीचा घासलेला डागसुद्धा दिसत होता. तो डाग मी पाहिला. अगदी नीट निरीक्षण केलं. आणि मला त्यात त्यागाची खूण दिसली.

शेवटच्या आरतीला मी काकूंना म्हटलं, "काकू, या ना एकदा माझं घर बघायला. तुमच्यामुळे ते घर झालंय."

"येणारच आहोत," काकू प्रसादाचं ताट सांभाळत म्हणाल्या. "गौरी गेल्या की रविवारी सगळेच येतो. परबांना पण सांगितलंय."

सगळेच. मला केवढा आनंद झाला. रविवारी सकाळी बाबाही यायचे होते. म्हणजे तपासणीला साक्षीदारही हजर. मी रव्याचं मोठं पाकीट आणलं.

रविवारी बाबा आले. पायऱ्या मोजत आले, कारण वर आल्याबरोबर त्यांनी मला आकडा सांगितला. मग तपासणी सुरू. नळ सोडून पाहिला, कडी लावून पाहिली, खिडकीचे गज हलवून पाहिले, बाल्कनीत उभं राहून कठड्याची उंची स्वतःच्या कमरेशी लावून पाहिली. शेवटी पिवळ्या सोफ्यावर बसले. दोनदा उडी मारल्यासारखं करून स्प्रिंग तपासली.

"ठीक हाये," बाबा म्हणाले.

तुम्हाला कल्पना नाही, ही किती मोठी गोष्ट आहे. बाबांनी मला दहावीच्या निकालालासुद्धा "बरं हाये" म्हटलं होतं. मी चहा दिला. बाबांनी एका हातात कप धरला आणि दुसऱ्या हातानं आत्याला कळवायला खिशातून फोन काढला. आणि दाराची बेल वाजली.

सगळेच आले होते. सावंत काका, काकू, त्यांचे दोन दांडगे पुतणे, परब आजोबा, त्यांचा मुलगा. मी ओळखी करून दिल्या, सगळ्यांना उपमा वाढला, त्यांनी उभ्याउभ्यानं मन लावून खाल्ला. कोणी बसेना. मला वाटलं, बाबांसमोर संकोचले असतील. बाबा म्हणत होते, या ना, बसा ना. काका म्हणत होते, नको, नको, आता काय बसायचं.

बशी खाली ठेवून काका पुतण्यांना म्हणाले, "चला, उचलू या." मग इकडे तिकडे बघत मला म्हणाले, "सोफा कुठे ठेवलास गं आमचा?"

"आमचा" हा शब्द ऐकला आणि मला शंका यायला लागली. नुसती सुरुवात. पूर्ण उजेड पडायला अजून अर्धं मिनिट होतं.

"हा काय," मी म्हटलं.

"हा नव्हे. आमचा तपकिरी."

एका खोलीच्या घरात तीन माणसांचा सोफा लपवायला जागा कुठे असणार? पण पुतणे प्रामाणिक. एक बाल्कनीत बघून आला, एक स्वयंपाकघरात. काकू मात्र हळूहळू खाली वाकल्या. बाबांचे पाय जरा बाजूला करून त्यांनी सोफ्याचा पुढचा पाय बघितला. त्याला खाली पुठ्ठ्याची जाड घडी लावलेली होती, काकूंनीच कधीतरी लावलेली.

"हाच तो," काकू म्हणाल्या. "ह्याका काय झाला?"

मालवणी सुरू झालं, तेव्हा मला सगळं कळलं. मखर, सतरंज्या, भिंतीवरचा डाग, जागा नाही, तुझ्याकडेच बरी. मुंबईत एवढ्याशा घरात गणपती बसवायचा, तर हॉलमधलं सामान शेजाऱ्याकडे नेऊन ठेवतात आणि गणपती गेले की परत आणतात. एवढं साधं. सगळ्या इमारतीला ठाऊक असलेलं. इतकं ठाऊक, की ते बोलून दाखवायचं असतं हेसुद्धा कोणाला सुचलं नाही.

मी जे काय घडलं ते भडाभडा सांगून टाकलं. पद्धत, दान, निष्कर्ष, पिवळं कापड. बाबा चहाचा कप हातात धरून तसेच बसले होते. शेवटी एक पुतण्या त्यांना अदबीनं म्हणाला, "काका, जरा उठता काय?"

बाबा उठले. फोन त्यांनी खिशात परत ठेवला. ते मी पाहिलं, आणि मला रडू यायला लागलं.

"आणि माझी खुर्ची?" परब आजोबांनी विचारलं.

मी खाली बोट दाखवलं. आजोबांना वाटलं, मी जमीन दाखवतेय. मग त्यांचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे त्या दिवशी तू डोळा मारलास, तो..." एवढं म्हणून ते जिन्याकडे निघाले.

खुर्चीचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. आजोबा खाली गेले, पांडेजी घाईघाईनं उठून उभे राहिले, आजोबा खुर्चीत बसले. खाली वारा छान येतो, येणारी जाणारी माणसं दिसतात, हे त्यांच्या लक्षात आलं. खुर्ची तिथेच राहिली. आता आजोबा दुपारभर तिच्यात बसून असतात आणि पांडेजी पूर्वीसारखे उभ्यानं इस्त्री करतात.

वर काकू सोफ्यावरून हात फिरवत होत्या. मी मान खाली घालून उभी. मला वाटलं, आता फटके बसणार. पण काकू म्हणाल्या, "रंग वाईट नाय. ह्यांका मी चार वर्षां सांगतंय, रेग्झिन बदला म्हणून." काका खिडकीतून बाहेर बघू लागले. माझ्या जिवात जीव आला.

"बरा, माझो डबो दी," काकू म्हणाल्या. "गौरी गेल्या. आज बोंबलाची चटणी करतंय."

डबा मी दिला. घासून पुसून लख्ख केलेला. काकूंनी हातात घेतल्याबरोबर त्याचं वजन त्यांना कळलं.

"बोंबील खंय?"

मी सांगितलं.

"मांजरांक घातलंस?" काकू मटकन त्याच पिवळ्या सोफ्यावर बसल्या. "माझ्या मावशीन वेंगुर्ल्यासून धाडलेले. वर्षाचे बोंबील ते, चेडवा. वर्षाचे." आणि खरंच सांगते, त्या बाईनं डोळ्याला पदर लावला. सोफा सोलला त्याचं काही नाही, नवऱ्याला शेजाऱ्यांनी आजारी ठरवलं त्याचं काही नाही, पण बोंबलांसाठी त्या रडल्या. ते बघून मीही रडले. काका दोघींच्या मधे उभे राहून म्हणाले, "म्हणजे मला आजारी पाडलं ते ह्या बोंबलांनी?"

बाबा पुढे झाले. हात जोडले. "ताई, चूक आमच्या पोरीची हाये. मी तिला घेऊन जातो, तुम्हाला पुन्हा त्रास नाही व्हायचा."

तेव्हा काकूंनी डोळे पुसले. "घेऊन कशाला जाता? पोरगी खुळी आहे, वाईट नाही. दिवाळीपर्यंत राहू दे, शिकेल."

पुतण्यांनी सोफा उचलून समोर नेला. बाबांनी रिकाम्या झालेल्या हॉलकडे एकदा बघितलं, गादीकडे बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "दिवाळीपर्यंत," ते म्हणाले.

मी कामाला लागले. आधी बोंबील. माहुलच्या एका कोळीणबाईंकडून निवडून घेतलेले भरपूर बोंबील आणले. येताना दोन रिक्षावाल्यांनी मला उतरवलं, तिसऱ्याला सर्दी होती म्हणून निभावलं. काकूंनी एक हातात धरून वास घेतला, "वेंगुर्ल्याची सर नाही," म्हणाल्या, आणि डब्यात भरले. म्हणजे माफी झाली. मग पगारातून एक लोखंडी पलंग आला, दोन खुर्च्या आल्या, पडदे आले. घराला हळूहळू रूप येत होतं, आणि या वेळी सगळं माझं स्वतःचं होतं.

नवरात्रात एका सकाळी काकू भांड्यांची स्टीलची मांडणी घेऊन आल्या. भिंतीला टेकून उभी राहणारी, ताटांना वेगळे खण, वाट्यांना वेगळे. "ही तुझ्याकडे राहू दे गं," म्हणाल्या. "आमच्याकडे आता लागत नाही."

मी काय त्यातून काही शिकले नव्हते का? शिकले होते. एकदा फसले, पुन्हा फसेन होय? काकूंची पाठ वळल्याबरोबर मी ती मांडणी कोरड्या फडक्यानं पुसली, जुन्या चादरीत गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि वर कागद चिकटवला, "सावंत काकू. हात लावू नये." माझी भांडी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर रांगेत होती, ती तशीच राहिली. तीन आठवडे मी रोज वाकून ताट उचलत होते आणि रोज त्या गाठोड्याकडे बघून स्वतःची पाठ थोपटत होते.

दिवाळीला बाबा आले. पलंग दाबला, पडदा ओढून पाहिला. स्वयंपाकघरात गेले आणि जमिनीवरच्या भांड्यांसमोर थांबले. मग शेजारच्या गाठोड्यासमोर.

"हे काय गुंडाळून ठेवलं?"

"काकूंची मांडणी आहे. ठेवायला दिलीये."

"त्याईनं सांगितलं, ठेवायले म्हणून?"

"बाबा," मी जरा शिकवण्याच्या सुरातच म्हटलं, "मला आता इथली पद्धत पूर्ण कळलीये."

बाबा चप्पल न घालताच समोर गेले आणि अर्ध्या मिनिटात परत आले. मागोमाग काकू.

"अगो, ती तुका दिलंय," काकू म्हणाल्या. "कायमची. मी एकदा आत येऊन बघितलं, तर तू झाकून ठेवलेली. मला वाटलं, जुनी म्हणून तुला आवडली नाही. तीन आठवडे मी ह्यांना सांगतेय, पोरगी चढेल झाली."

बाबांनी सुतळी सोडली, चादरीची घडी घातली, आणि खाली बसून माझी एकेक ताट-वाटी उचलून मांडणीत लावली. ताटं ताटांच्या खणात, वाट्या वाट्यांच्या. काकूंनी पेले दिले. मी नुसती बघत उभी होते. बाबा उठले की निकाल लागणार होता.

बाबा उठले, हात पुसले, आणि त्यांनी आत्याला फोन लावला.

"शोभा, पल्लवी काही तुझ्याकडे येत नाही. इथंच राहीन म्हणते, राहू दे तिले." तिकडून आत्याचा आवाज मोठा झाला, शब्द मला कळले नाहीत. "नाही वं, घर काही लई शिस्तीत नाही लावलं तिनं. अक्कलही नाही आली." आत्या पुन्हा काहीतरी म्हणाली. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुझ्याच भल्यासाठी सांगून राहिलो. तुझ्याकडे सामान लई हाये."